वीस किलोंचा नियम

१

इस्पितळाचं पत्र जेमतेम सहा ओळींचं होतं आणि त्यात 'खोटं' दोनदा आलं होतं. एकदा 'खोटी माहिती' म्हणून, एकदा 'खोटेपणा' म्हणून. सव्वीस वर्षं बाळांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला असलं पत्र पाठवताना सही करणाऱ्याचा हात जरासुद्धा अडखळला नसेल का, हे मला अजून समजत नाही.

वहिनीने पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि ती चहा टाकायला उठली. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. मी तिला वहिनी म्हणते आणि ती लग्न झाल्यापासून मला 'नणंदबाई' म्हणते, निव्वळ चिडवायला. आज तिने मला नुसतं "ये, बस" म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण साधं नाही.

"पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "लांबण लाव, चालेल. पण काही गाळू नकोस."

"गेल्या सोमवारची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. सात महिन्यांचं बाळ, वजन आठ पूर्णांक चार. त्याला सलाईनमधून औषध द्यायचं होतं. आता आमच्याकडे तो नवा फॉर्म आलाय ना, त्यात बाळाचं वजन टाकायचं. मग औषध किती वेगाने सोडायचं ते फॉर्मच काढतो आणि थेट सलाईनच्या पंपाला कळवतो. आमच्या कॉम्प्युटरवर टिंबाचं बटण अडकतं. मी आठ, टिंब, चार दाबलं. टिंब उमटलंच नाही. झाले चौऱ्याऐंशी. आणि मी पडद्याकडे न बघता 'पुढे' दाबलं. ही माझी चूक. ती मी त्याच दिवशी लिहून दिली आहे."

"मग?"

"पंप सुरू झाला आणि त्याचा आवाज मला बरा वाटला नाही. बाळांसाठी तो इतका भरभर चालत नाही गं. चौथ्या मिनिटाला बंद केला. डॉक्टरांना बोलावलं. फॉर्मवरचं वजन दुरुस्त केलं. बाळ दोन दिवस अतिदक्षता विभागात होतं, आता परत वॉर्डात आलंय. हसतंय."

म्हणजे तिनेच चूक केली, तिनेच ती पकडली, तिनेच कबूल केली. यावर इस्पितळाने काय करावं? फॉर्म बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. कंपनीने छापील अहवाल पाठवला की बाळांच्या वॉर्डाचा हा फॉर्म वीस किलोंच्या वरचं वजन घेतच नाही, लाल पट्टी दाखवून परत पाठवतो. शिवाय फॉर्ममध्ये नोंद आठ पूर्णांक चारची आहे. तेव्हा सिस्टरनी पंपाचा वेग हातानेच चुकीचा लावला असणार आणि नंतर टिंबाची गोष्ट रचली असणार. पंपावर हाताने वेग लावला तर त्याची नोंद राहत नाही, आणि फॉर्म शेवटचा आकडा तेवढा ठेवतो, आधीचा पुसून टाकतो. वहिनीने प्रामाणिकपणे आकडा दुरुस्त केला आणि स्वतःचा एकुलता एक पुरावा स्वतःच्या हाताने पुसला.

"टिंबाच्या बटणासाठी मी तीन अर्ज केले होते," ती म्हणाली. "ते कोणी काढून बघितले नाहीत."

सुनावणी उद्या अकरा वाजता होती. खोटेपणा सिद्ध झाला की नोकरी जाणार आणि नर्स म्हणून असलेली नोंदणीही जाणार. पण वहिनीला बोचत होतं ते वेगळंच. "त्या बाळाची आई माझ्याकडे बघत नाही," ती म्हणाली. "आधी ती मला हाक मारून बोलवायची. आता मी आले की तोंड भिंतीकडे करते. तिला सांगितलंय त्यांनी, सिस्टर खोटं बोलल्या म्हणून."

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. लोक प्रोग्राम लिहितात आणि मी ते मोडून दाखवते. ऑफिसात माझं नाव नकारघंटा पडलंय आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वहिनीने इस्पितळाच्या चौकशी समितीकडे अर्ज केला होता की माझ्या बाजूच्या जाणकाराला तो फॉर्म तपासू द्या. समितीने उपकार केल्यासारखी परवानगी दिली होती, एका दिवसाची.

आता दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, फॉर्म किंवा वहिनी. वहिनीला घरी पत्ते खेळतानासुद्धा लबाडी जमत नाही, हातात काय आलंय ते सगळं तोंडावर दिसतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

२

कंपनीच्या स्वागतकक्षात भिंतभर एक फोटो लावला होता. कुठल्याशा सादरीकरणाचा. कोट घातलेली पाच-सहा माणसं, हातात फुलं, मागे मोठा पडदा, आणि सगळे कोणाच्या तरी विनोदावर हसताहेत. मला फोटोपेक्षा घाई जास्त होती. मी नुसती नजर टाकली आणि आत गेले.

प्रकल्पप्रमुख चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलण्याचा होता. "मॅडम, तुमची भावना मी समजू शकतो," असं त्याने मी बसायच्या आधीच म्हटलं. माझी भावना त्याला खरोखर समजली असती तर तो टेबलाच्या इतक्या जवळ बसला नसता.

"कोड बघायचाय," मी म्हटलं.

"कोड गोपनीय आहे. पण टेस्ट बघा ना. तुम्ही याच क्षेत्रातल्या, तुम्हाला काय सांगायचं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. असे फॉर्म कोणी पहिल्यापासून घडवत नाही. फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा असतो. प्रत्येक रकान्यावर एक ओळ लिहायची: हा रिकामा चालणार नाही, हा वीसच्या वर चालणार नाही. मग भलतंच काही आलं की सांगाडा स्वतःच नकार देतो. आणि ती ओळ जागेवर आहे ना, काम करते आहे ना, हे बघायला छोट्या छोट्या टेस्ट लिहितात. टेस्ट फॉर्ममध्ये मुद्दाम चुकीचं वजन घालते. नकार आला तर टेस्ट हिरवी, नाही आला तर लाल. एक जरी लाल झाली तरी नवा बदल इस्पितळापर्यंत पोचतच नाही, वाटेत अडतो.

त्याने माझ्यासमोर सगळ्या टेस्ट चालवल्या. दोनशे बारा. वरपासून खालपर्यंत हिरव्या. त्यात एकीचं नाव स्पष्ट होतं: 'वजन वीसच्या वर असेल तर नकार'. तीही हिरवी.

"आता प्रत्यक्ष बघा," तो म्हणाला. त्याने फॉर्म उघडला, वजनाच्या रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिले आणि बाकी कशाला हात न लावता 'पुढे' दाबलं. लाल पट्टी आली: 'माहिती अपूर्ण किंवा चुकीची आहे.'

"दिसलं?" तो म्हणाला. "फॉर्म घेतच नाही. तुमच्या वहिनींना वाचवायची तुमची धडपड मला कळते, पण माणूस घाबरला की काहीही बोलतो."

त्याला चार शब्द ऐकवायचे ओठांवर आले होते, पण पडदा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि पट्टी लाल होती. मी पहिल्यांदाच मनात वहिनीला विचारलं, बाई गं, तू खरंच पंपाला हात लावलास का. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

३

मी चहाच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. तिथे एक पांढऱ्या मिशांचा माणूस कप विसळत होता. त्याला सगळे 'आजोबा' म्हणत होते, पन्नाशीही गाठलेली नसताना.

"तुम्हीच का त्या नणंद?" त्याने विचारलं. "ऑफिसभर झालंय. तो वीस किलोंचा नियम मी लिहिलाय. त्याची टेस्टही माझीच. आता मी दुसऱ्या कामावर आहे, पण सांगून ठेवतो, त्या नियमातून चौऱ्याऐंशी जाणं शक्य नाही."

"मी कुठे म्हटलं जातात म्हणून. आत्ताच लाल पट्टी बघून आले."

"मग तर झालं. त्या पट्टीवरचं वाक्यसुद्धा मी एका सिस्टरना विचारून लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, नुसतं 'चूक' म्हणू नका, आम्ही घाईत असतो, नेमकं काय करायचं ते सांगा. म्हणून लिहिलं, 'वजन वीस किलोंच्या वर आहे. बाळाला पुन्हा काट्यावर ठेवा.'"

मी हातातला कप खाली ठेवला.

"पुन्हा सांगा. पट्टीवर काय लिहिलंय?"

त्याने पुन्हा सांगितलं, शब्दन्‌शब्द.

"आणि 'माहिती अपूर्ण किंवा चुकीची आहे', हे कोणाचं?"

"ते फ्रेमवर्कचं स्वतःचं. आपण काही लिहिलं नसेल तर ते येतं. का हो?"

"कारण मला ते आलं."

आजोबांनी ओला कप तसाच ठेवला आणि मला आपल्या टेबलाशी नेलं. कोड गोपनीय आहे वगैरे काही ते म्हणाले नाहीत. स्वतःच्या कामावर आळ आला की माणूस नियमावली विसरतो, आणि या एका बाबतीत मला तो माणूस आवडला. त्यांनी फॉर्मची फाईल उघडली, वजनाच्या रकान्यापाशी आले आणि तिथेच थांबले. वर बघितलं, खाली बघितलं.

रकाना होता. त्यावरची वीस किलोंची ओळ नव्हती.

४

"हे कसं शक्य आहे?" आजोबा म्हणत राहिले. "ओळ गेली तर टेस्ट लाल व्हायला हवी. त्यासाठीच तर ती लिहिली."

"तुमच्या इथे फाईलची प्रत आहे ना? त्यातली अजून एक ओळ काढा. कुठलीही."

त्यांनी वयाचा नियम काढला. टेस्ट चालवल्या. दोनशे बारा हिरव्या.

"अजून काढा."

त्यांनी तापमानाचा काढला. हिरव्या. औषधाच्या मात्रेचा काढला. हिरव्या. मला घाम फुटला, कारण हा नुसत्या वहिनीचा प्रश्न राहिला नव्हता. एका इस्पितळातली बाळं या हिरव्या रंगाच्या भरवशावर झोपली होती आणि रंगाला काडीचाही अर्थ नव्हता.

शेवटी एकच नियम उरला: 'रुग्णक्रमांक रिकामा चालणार नाही.' तो काढल्याबरोबर सेहेचाळीस टेस्ट एकदम लाल झाल्या.

"हा नियम माझा नाही," आजोबा म्हणाले. "माझ्या वेळी रुग्णक्रमांक आपोआप भरला जायचा. माझ्या टेस्ट फक्त एकच रकाना भरतात, जो तपासायचाय तो. बाकी रिकामे."

"आणि टेस्ट विचारते काय?"

"नकार आला का, एवढंच."

"कशासाठी आला, हे विचारत नाही."

ते म्हणाले, "नाही. तिथे मी चुकलो."

म्हणजे झालं होतं असं. कोणीतरी रुग्णक्रमांक सक्तीचा केला. आजोबांच्या टेस्ट तो भरतच नव्हत्या, त्यामुळे फॉर्म त्यांना रुग्णक्रमांकासाठी नकार देत होता, आणि टेस्ट समजत होत्या की वजनासाठी दिला. नकार मिळाला, टेस्ट खूश, हिरवी. मग वजनाचा नियम राहो की जावो. दारावरचा पहारेकरी निघून गेला तरी आतल्यांना पत्ता नाही, कारण दाराला कुलूप लागलेलं होतंच.

आणि प्रमुखाने मला दाखवलेली लाल पट्टी? त्यानेही नुसतं वजन भरलं होतं. बाकी कशाला हात लावला नव्हता.

मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले, कारण माझ्या लक्षात आलं की वहिनीने सगळे रकाने नीट भरले होते. रुग्णक्रमांकसुद्धा. ती कामचुकार असती, एखादा रकाना रिकामा सोडणारी असती, तर फॉर्मने तिला अडवलं असतं. नीट काम केलं म्हणून दार उघडलं, आणि नीट काम केलं म्हणूनच ती खोटी ठरली. बावीस वर्षांत मी इतकी कधी संतापले नव्हते.

"ओळ कोणी काढली, त्याची नोंद असेल," मी म्हटलं.

होती. दोन महिन्यांपूर्वीची, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांची. शेरा एकाच शब्दाचा: 'तात्पुरतं'. आणि करणाऱ्याच्या नावाच्या जागी कोणा माणसाचं नाव नव्हतंच. तिथे 'सादरीकरण' होतं, मोठ्या पडद्याच्या कॉम्प्युटरचं, अख्ख्या ऑफिसला पासवर्ड ठाऊक असलेलं लॉगिन.

५

"त्या दिवशी मी रजेवर होतो," आजोबा म्हणाले. "आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रजेची नोंद बघा हवी तर."

मी बघितली. खरंच रजेवर होते. या फॉर्मवर काम केलेल्यांपैकी उरले दोन जण. एक प्रमुख आणि दुसरी आजोबांच्या जागी आलेली बाई. तिशीची, कानात सतत हेडफोन. तिला सगळे 'झटपट' म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की ती "झटपट करून टाकते" म्हणायची. रुग्णक्रमांकाची सक्ती तिनेच केली होती आणि ते तिने लगेच कबूल केलं.

"इस्पितळानेच मागितली होती. काही टेस्ट लाल झाल्या, त्यांत मी रुग्णक्रमांक भरला, त्या हिरव्या झाल्या."

"आणि ज्या हिरव्याच राहिल्या त्या?"

"हिरव्यांकडे कोण बघतं, मॅडम?"

खरं होतं. मीसुद्धा सकाळी नव्हतं बघितलं.

"वीस किलोंची ओळ कोणी काढली?"

"मला काय माहीत," ती म्हणाली आणि हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागली.

दम देऊन काही निघणार नव्हतं. मी बाहेर स्वागतकक्षात येऊन बसले आणि विचार करायला लागले. नियम काढायची गरज कोणाला पडते? ज्याला तो आड येतो त्याला. बाळांच्या फॉर्ममध्ये वीस किलोंच्या वरचं वजन घालायची गरज जगात कोणाला पडावी? बाळांना तर नाहीच. मग कोणाला, आणि सादरीकरणाच्या कॉम्प्युटरवरून, घाईघाईत, 'तात्पुरतं' म्हणून?

समोर तो भिंतभर फोटो होता. सकाळी मी माणसं बघितली होती, आता मागचा पडदा बघितला. पडद्यावर हाच फॉर्म होता. वजनाच्या रकान्यात ठळक आकडा होता, बहात्तर. खाली हिरवी पट्टी. फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती, ओळ काढल्याच्या दिवसाची.

मी झटपटला हाताला धरून बाहेर आणलं आणि फोटोसमोर उभं केलं. तिचे डोळे भरून आले.

"साडेदहाला सादरीकरण होतं," ती म्हणाली. "प्रमुख सरांना एक गंमत करायची होती. पाहुण्यांपैकीच एकाला म्हणायचं, आज तुम्हीच आमचं बाळ, सांगा वजन. आम्ही आधी करून बघितलं तर फॉर्म घेईना. सर म्हणाले, काढ तो नियम, दोन तासांचा प्रश्न आहे, मग परत लाव. मी काढला. मला वाटलं, विसरले तरी काय बिघडतंय, संध्याकाळी टेस्ट लाल होईल आणि काम अडेल, मग आठवेलच. मी तेवढ्यावर विसंबले. संध्याकाळी सगळं हिरवं होतं. मला वाटलं सरांनी कोणाकडून तरी परत लावून घेतला. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्या कामावर टाकलं."

पदराला गाठ मारून ठेवावी आणि पदरच दुसऱ्याचा निघावा, तसं तिचं झालं होतं. तिच्यावर मला रागावता येईना.

"बाळाचं कळल्यावर काय केलंस?"

"त्याच दिवशी सरांकडे गेले. म्हटलं, तो नियम परत लावला होता ना? ते म्हणाले, मी बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मी स्वतः फॉर्म चालवून बघितलाय, सगळं ठीक आहे, टेस्ट हिरव्या आहेत, तू यात पडू नकोस. आणि मॅडम, हे मी लिहून देणार नाही. माझी नोकरी जाईल."

म्हणजे त्याला कळलं होतं. आठवड्याभरापूर्वीच. फॉर्म स्वतः चालवून बघितला, नियम नाही हे बघितलं, आणि नुसतं वजन भरलं तर लाल पट्टी येते ही सोयीची वाटही शोधून काढली. आणि त्याच पट्टीच्या जोरावर एका बाईला खोटारडी ठरवणारा अहवाल लिहिला.

पण पुरावा काय? ती लिहून देणार नाही, लॉगिन सगळ्यांचं. मी पुन्हा फोटोकडे वळले. प्रमुखाच्या शेजारी, गळ्यात हार, हसून हसून डोळे बारीक झालेला एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. हेच त्या दिवशीचं 'बाळ' असणार.

"हे कोण गं?"

तिने सांगितलं. मी फोनवर त्या फोटोचा फोटो काढला आणि सकाळपासून पहिल्यांदाच मला हसू आलं.

६

सुनावणीची खोली लांबट होती. एका टोकाला समितीचे तीन जण, मधे अध्यक्ष, इस्पितळाचे सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टर. वहिनी त्यांच्यासमोर, हात मांडीवर. मी तिच्या शेजारी. पलीकडे प्रमुख, लॅपटॉप उघडून. आजोबा माझ्या मागे बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते स्वतःहून आले होते.

प्रमुखाने तोच खेळ केला. वजन चौऱ्याऐंशी, 'पुढे', लाल पट्टी. समितीने माना डोलावल्या. "हे तर स्पष्टच आहे," अध्यक्ष म्हणाले. "सिस्टर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"आधी मला एक विचारायचंय, डॉक्टर," मी म्हटलं. "तुमचं वजन किती?"

खोलीत चुळबुळ झाली. "याचा इथे काय संबंध?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी या कंपनीत सादरीकरण होतं. तुम्हाला गमतीने बाळ केलं होतं. तेव्हा तुम्ही वजन सांगितलंत. किती?"

ते किंचित हसले. "बहात्तर. हो, आठवतं. सगळे हसले होते."

"आणि फॉर्मने काय केलं?"

"घेतलं की. हिरवी पट्टी आली. टाळ्या पडल्या."

"तो बाळांच्या वॉर्डाचा फॉर्म होता, डॉक्टर. हाच. वीस किलोंच्या वर काहीच घेत नाही म्हणे तो."

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून फोटो बघितला, मग लॅपटॉपवरची लाल पट्टी, मग पुन्हा फोटो. त्यांचं हसू गेलं होतं.

"ते सादरीकरणापुरतं होतं," प्रमुख घाईने म्हणाला. "प्रत्यक्ष वापरातला फॉर्म वेगळा असतो. आत्ताच बघितलंत तुम्ही."

"मग रुग्णक्रमांकही भरा," मी म्हटलं.

"त्याची गरज नाही. वजनासाठी नकार आलाच आहे."

"सिस्टरनी भरला होता. त्यांनी प्रत्येक रकाना भरला होता. तुम्हीही भरा."

तो हलला नाही. अध्यक्ष उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे फिरवला. एक खोटा रुग्णक्रमांक भरला. उरलेले रकाने भरले. वजन चौऱ्याऐंशी. 'पुढे'.

पट्टी हिरवी झाली. खाली पंपाचा वेग आला. तो आकडा बघून समितीतल्या डॉक्टरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

नियम कसा गेला, टेस्ट का झोपल्या, हे मी सांगितलं. आपल्या टेस्टमध्ये काय चुकलं होतं ते आजोबांनी उभं राहून स्वतः सांगितलं, कोणी न विचारता. "आणि यांना हे ठाऊक होतं," मी प्रमुखाकडे बोट करून म्हटलं. "ठाऊक नसतं तर रुग्णक्रमांक भरायला घाबरले नसते. काल माझ्यासमोर भरला नाही, आज तुमच्यासमोर भरला नाही, अहवालातल्या चित्रातही तो रकाना रिकामा आहे. पान चार बघा."

पान चार उघडलं गेलं. रिकामाच होता.

"मी कंपनीच्या नावाचा विचार करत होतो," प्रमुख म्हणाला. आता त्याच्या आवाजातला गुळगुळीतपणा गेला होता.

मला वाटलं वहिनी आता रडेल. ती उठली.

"सर," ती अध्यक्षांना म्हणाली, "हा फॉर्म आत्ताही वॉर्डात चालू आहे. नऊ दिवस चालूच आहे. आत्ता तिथे अकरा बाळं आहेत, पाच पंपांवर. बाकीचं नंतर बघा. मला आधी वॉर्डात जाऊ द्या."

आम्ही सगळे खोटं कोण बोललं ते ठरवत बसलो होतो. मला धरून. नऊ दिवस बाळं त्या फॉर्मखाली झोपत होती, हे काल मलाही घामाघूम करून गेलं होतं, आणि तरी मी रात्रभर फक्त उद्या कोणाला कसं पकडायचं याचाच विचार केला. त्या माणसाने तर नियम परत लावला नाही, कारण लावला असता तर नोंद राहिली असती आणि गुन्हा कबूल झाला असता. स्वतःचं नाव वाचवायला त्याने अकरा बाळं तशीच ठेवली. याला शब्द माझ्याकडे नाहीत, आणि शब्दांची मला सहसा टंचाई नसते.

अध्यक्षांनी फोन उचलून फॉर्म बंद करायला सांगितला. वहिनी तोवर जिन्यात पोचली होती. मी तिच्या मागे धावले.

वॉर्डात तिने एकेक पंप हाताने तपासला, वजन कागदावर लिहून, वेग कागदावर काढून. पाचही बरोबर होते. मग ती खिडकीजवळच्या पलंगापाशी थांबली. तिथे ते सात महिन्यांचं बाळ स्वतःचा पाय तोंडात घालायच्या उद्योगात होतं. त्याची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

अध्यक्ष आमच्या मागोमाग वर आले होते, धापा टाकत. "सिस्टर," ते म्हणाले, "समितीच्या वतीने मी तुमची माफी—"

"मला नको," वहिनी म्हणाली. "यांना सांगा. मी खोटं बोलले नव्हते, एवढंच सांगा. चूक माझी होती, तीही सांगा."

त्यांनी सांगितलं. सगळं, उभ्यानेच, बहात्तर किलोंसकट. आई ऐकत राहिली. ऐकता ऐकता ती वळली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तिने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"याचं दुपारचं औषध राहिलंय," ती म्हणाली. "तुम्हीच द्याल ना?"

वहिनीने हात धुतले आणि बाळाला पुन्हा काट्यावर ठेवलं.